पाच वेळचे बोलावणे



वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या घरांत नमाजविषयी जे शब्द बोलले जातात त्यांच्याकडे या महिन्यात जरा कान देऊ या. 'पाहुणे यायच्या आत असर उरकून घे.' 'इशा तेवढी राहिलीय, ती झाली की सुटले.' 'अजून पढला नाहीस? मग आज मोबाइल मिळणार नाही.' उर्दू बोलणाऱ्या घरांत हेच 'जल्दी निपटा ले' या शब्दांत येते. भांडी उरकतात, धुणे उरकते, आम्हा शिक्षकांचे पेपर तपासणे उरकते. जे उरकायचे असते ते मागे लागलेले काम असते आणि ते संपले की हायसे वाटते. नमाजलाही आपण हाच शब्द लावला.

बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. उलट नमाज राहू नये याच काळजीने तो बोलतो. पण घरातले मूल उपदेशापेक्षा रोजच्या बोलण्यातून जास्त शिकते. 'उरकली', 'राहिली', 'चुकली', 'नाही पढलास तर बघ', याच शब्दांच्या सोबतीने त्याने दहा-बारा वर्षे नमाज ऐकली, तर नमाज म्हणजे डोक्यावरचे ओझे ही समजूत त्याच्या मनात पक्की होते. मग ते शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाते. तिथल्या खोलीवर 'पढलास का?' असे विचारणारे कोणी नसते. ओझे लादणारा दूर गेला की ओझे खाली ठेवायला किती वेळ लागतो?

असे कितीतरी आई-बाप आमच्याशी बोलतात. 'घरी होता तोवर पाच वक्ताचा नमाजी होता, आता जुम्म्यालासुद्धा फोन करून आठवण द्यावी लागते.' मुलगा बिघडला, असे ते म्हणतात. आम्हाला वाटते, मुलगा बिघडला की आपण त्याच्या हाती नमाज दिलीच नव्हती, नुसते नमाजचे ओझे दिले होते, हे एकदा तपासून पाहायला हवे.

कुरआन हे लपवत नाही

नमाज जड वाटते असे कोणी म्हटले की आपण लगेच त्याच्या ईमानवर बोट ठेवतो. कुरआन तसे करीत नाही. सूरह बकराच्या 45 व्या आयतीत सबर आणि नमाज यांच्या आधारे मदत मागा, असा आदेश आहे. त्याच आयतीत नमाज ही भारी गोष्ट आहे, हेही सांगितले आहे. ती भारी वाटत नाही फक्त खुशू राखणाऱ्यांना, म्हणजे ज्यांची मने अल्लाहपुढे नमलेली आहेत त्यांना. हे लोक ओळखायचे कसे? पुढच्याच, 46 व्या आयतीत त्याचे उत्तर आहे. आपल्याला आपल्या पालनकर्त्याला भेटायचे आहे, ही जाणीव ज्यांच्या मनात जागी असते ते हे लोक.

या दोन आयती आपण सावकाश वाचल्या तर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की इथे नमाजचा उल्लेख मदत मिळवण्याचे साधन म्हणून आला आहे. संकटात सापडलेल्या माणसाला कोणी काठी दिली तर तो 'आता ही काठीही मीच वाहायची का?' असे म्हणत नाही. काठीचे वजन असतेच, पण चालताना तीच आपले वजन पेलते.

दुसरी गोष्ट भाषेची आहे. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे अशा शब्दांपाशी आमचे पाऊल थबकते. पालनकर्त्याला भेटणारे, यासाठी 46 व्या आयतीत 'मुलाकू' हा शब्द आहे. उर्दूतला 'मुलाकात' त्याच धातूचा. आणि आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो तो मराठीतला 'मुलाखत' हा शब्दही तिथूनच आलेला. म्हणजे नमाज जड वाटण्यावर कुरआनने जो उपाय सांगितला, तो शब्द मराठी माणसाच्या तोंडी आधीपासून आहे. ज्याला मुलाखतीची जाणीव आहे, त्याला नमाज जड नाही.

असाच दुसरा शब्द आहे. कुरआनमध्ये नमाज 'कायम करा' असा आदेश पुन्हा पुन्हा येतो. आपला 'कायम' हा शब्दही त्याच अरबी घराण्यातला. कायम करणे म्हणजे उभी करणे, टिकवून धरणे. मांडवाचा खांब आपण उभा करतो तेव्हा तो उरकून टाकत नाही. तो पक्का रोवतो, कारण पुढे सगळा मांडव त्याच्या आधाराने उभा राहणार असतो.

बोलावणे कोणाचे आहे?

शाळेत अधूनमधून शिपाई वर्गाच्या दारात येतो आणि एखाद्या मुलाचे नाव घेऊन 'मोठ्या सरांनी बोलावलंय' असे सांगतो. त्या मुलाची चाल पाहण्यासारखी असते. काल खिडकीची काच फोडलेली असेल, तर पाय ओढत निघते. वक्तृत्व स्पर्धेत नाव आले असेल, तर बाकावरून उडी मारून निघते. शिपाई तोच, निरोप तोच, खोलीही तीच. फरक पडतो तो बोलावणाऱ्याविषयी मुलाच्या मनात काय आहे याने.

आपल्या अजानचे शब्द याच दृष्टीने आठवून पाहा. अल्लाहची थोरवी, तौहीदची साक्ष, प्रेषितत्वाची साक्ष, मग नमाजकडे येण्याचे आमंत्रण आणि त्याला लागूनच कल्याणाकडे, यशाकडे येण्याचे आमंत्रण. पुन्हा अल्लाहची थोरवी. संपूर्ण अजानमध्ये धमकीचा एकही शब्द नाही. न आल्यास काय होईल याचा उल्लेखसुद्धा नाही. पहाटेच्या अजानमध्ये एक वाक्य जास्त असते, नमाज झोपेपेक्षा चांगली असल्याचे. झोप वाईट आहे असे तिथे म्हटलेले नाही. झोप चांगलीच आहे, पण त्याहून चांगले काही तुझ्यासाठी वाढून ठेवले आहे, ऊठ, असा तो प्रेमाचा सूर आहे. आपण मात्र मुलाला उठवताना पांघरूण ओढतो आणि 'शैतान झालायस' म्हणतो. मशिदीतून आमंत्रण येते आणि घरात त्याचे समन्स होते.

एखाद्या दाखल्यासाठी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला भेटीचे मोल सांगावे लागत नाही. अर्ज द्या, रांगेत थांबा, साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या. कोणाची ओळख असेल तर आत प्रवेश, नाहीतर बाहेरच्या बाकावर बसून राहा. आणि ज्याच्या हाती आकाश-जमिनीचा कारभार आहे तो दिवसातून पाच वेळा स्वतः बोलावतो. ओळख लागत नाही, मध्यस्थ लागत नाही, जात, पैसा, कपडे विचारले जात नाहीत. वुजू करा, किब्ल्याकडे तोंड करा, 'अल्लाहु अकबर' म्हणा, तुम्ही दरबारात आहात. हमाल असो की हाजी, दोघे एकाच सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

वर नेऊन दिलेली देणगी

दीनचे बहुतेक आदेश हजरत जिब्रील (अ.) यांच्यामार्फत जमिनीवर आले. पाच वेळची नमाज मात्र मेराजच्या रात्री प्रेषित मुहम्मद (स.) यांना वर बोलावून देण्यात आली. ही हकिकत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सुरुवातीला पन्नास नमाजा फर्ज झाल्या. हजरत मूसा (अ.) यांनी आपल्या कौमचा अनुभव सांगून पुन्हा पुन्हा परत जायला सुचवले आणि संख्या कमी होत होत पाचवर आली. शेवटी अल्लाहने जाहीर केले, की नमाजा पाच, पण सवाब पन्नासचा.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिच्यातून फक्त 'सुटलो बुवा, पन्नासच्या पाच झाल्या' एवढेच घेतो. पण जो मालक काम पाचाचे घेतो आणि मजुरी पन्नासाची देतो, त्याच्याकडे कामाला जाताना कोणाचे पाय जड होतील? मेराज नेमकी कोणत्या साली झाली याविषयी सीरतकारांत मतभेद आहेत. पण हिजरतच्या आधीचा मक्केतला तो काळ प्रेषितांसाठी फार कठीण होता. हजरत खदीजा (रजि.) गेल्या होत्या, काका अबू तालिब गेले होते, ताइफमध्ये दगड बसले होते. असल्या दिवसांत मिळालेली ही देणगी आहे. म्हणूनच पुढे एखादी गोष्ट काळजीत टाकी तेव्हा ते नमाजला उभे राहत आणि हजरत बिलाल (रजि.) यांना इकामत द्यायला सांगताना नमाजने आम्हाला आराम दे, अशा अर्थाचे शब्द वापरत. नमाजपासून आराम मिळावा असे आपल्याला वाटते. त्यांना नमाजमध्ये आराम वाटे.

सतरा वेळा मिळणारे उत्तर

सहीह मुस्लिममध्ये एक हदीसे-कुदसी आहे. तिचा आशय असा, की अल्लाहने नमाज, म्हणजे सूरह फातिहा, स्वतःमध्ये आणि बंद्यामध्ये निम्मी-निम्मी वाटली आहे. बंदा जेव्हा सगळी प्रशंसा अल्लाहची म्हणतो, तेव्हा अल्लाह सांगतो की माझ्या बंद्याने माझी प्रशंसा केली. तो रहमान-रहीम म्हणतो, त्याचेही उत्तर येते. बदल्याच्या दिवसाचा मालक म्हणतो, त्याचेही येते. आम्ही तुझीच इबादत करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो, इथे आल्यावर अल्लाह सांगतो की ही गोष्ट माझ्या आणि माझ्या बंद्याच्या मधली आहे. आणि सरळ मार्ग मागितला की उत्तर येते, माझ्या बंद्याने जे मागितले ते त्याला आहे.

फज्रच्या दोन, जुहरच्या चार, असरच्या चार, मगरिबच्या तीन आणि इशाच्या चार, अशा फर्ज रकाती सतरा होतात. म्हणजे केवळ फर्जमध्ये ही बातचीत दिवसातून सतरा वेळा होते. सुन्नत, वित्र वेगळ्या. घरात ज्याचे कोणी ऐकत नाही, कामावर ज्याला कोणी विचारत नाही, अशा माणसाचे बोलणे रोज सतरा वेळा ऐकले जाते आणि त्याला उत्तर दिले जाते.

मग आपल्याला ते का जाणवत नाही? एक साधे कारण म्हणजे आपण काय बोलतो ते आपल्यालाच कळत नाही. सातवीतल्या मुलाला इंग्रजी कविता अर्थासकट पाठ हवी असा आपला आग्रह असतो आणि चाळीस वर्षे पढलेल्या फातिहाच्या सात आयतींचा अर्थ विचारला तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. नमाजची भाषा अरबीच राहील. पण समज तर आपल्या मातृभाषेत येते. कुरआनचे मराठी अनुवाद आज सहज मिळतात. फातिहा, कुल हुवल्लाह, रुकू-सजद्याची तसबीह, अत्तहिय्यात, एवढ्याचा अर्थ मराठीतून नीट समजून घ्यायला रोज दहा मिनिटांप्रमाणे एक महिना पुष्कळ झाला. त्यानंतरची नमाज वेगळी असते. ओठ तेच हलतात, पण आता आपण काय बोलतोय ते मनाला ठाऊक असते.

ओझे वाढवणाऱ्याची गय नाही

नमाज फर्ज आहे. सोय असेल तर पढावी, नाहीतर सोडावी, असा अर्थ या लिखाणातून कोणी काढू नये. गाफील नमाजींना सूरह माऊनमध्ये दिलेला इशारा आपल्याला माहीत आहे. पण ज्याने ती फर्ज केली त्याने ती पेलण्याजोगी केली, हेही तितकेच खरे. पाणी नाही किंवा पाण्याने अपाय होतो, तर तयम्मुम. उभे राहवत नाही तर बसून, बसवत नाही तर पडून. प्रवासात चार रकातींच्या दोन. मासिक पाळीत आणि बाळंतपणात नमाज माफ, नंतर कजासुद्धा नाही. इतक्या सवलती ज्या हुकमात आहेत तो हुकूम माणसाला वाकवण्यासाठी दिलेला नाही, जोडून ठेवण्यासाठी दिला आहे.

प्रेषितांच्या काळातला एक प्रसंग बुखारीत आहे. हजरत मुआज (रजि.) इशाची इमामत करीत होते. दिवसभर पाणी वाहून नेणारे दोन उंट घेऊन एक कष्टकरी माणूस तिथे आला, उंट बसवले आणि जमातमध्ये सामील झाला. हजरत मुआजनी लांब सूरह सुरू केली. तो माणूस जमात सोडून निघून गेला. नंतर त्याच्याविषयी वाईट बोलले गेले, तेव्हा तो थेट प्रेषितांकडे गेला आणि गाऱ्हाणे मांडले. प्रेषितांनी बोलणी कोणाला ऐकवली? थकलेल्या मजुराला नाही. लोकांना फितन्यात पाडणारा आहेस का, असे त्यांनी हजरत मुआजना तीनदा विचारले आणि लहान सूरह पढायला सांगितले. कारण मागे म्हातारे असतात, अशक्त असतात, कामाधामाचे लोक असतात.

दुसरा प्रसंग. मशिदीत दोन खांबांच्या मध्ये दोरी बांधलेली दिसली. चौकशी केल्यावर कळले, की हजरत जैनब (रजि.) रात्री नमाज पढताना थकल्या की तिचा आधार घेतात. प्रेषितांनी दोरी सोडायला सांगितली. अंगात तरतरी असेल तोवर पढा, थकल्यावर बसा, अशी शिकवण दिली. आणि मुलाचे रडणे कानी पडले की त्याच्या आईची घालमेल होऊ नये म्हणून ते स्वतः नमाज आटोपती घेत.

पण आटोपती म्हणजे घाईची नव्हे. मशिदीत एकाने भराभर उठबस करून नमाज संपवली, तेव्हा प्रेषितांनी त्याला तीनदा परत पाठवले, तुझी नमाज झालीच नाही म्हणून. शेवटी त्याने शिकवा म्हटल्यावर रुकूत स्थिर हो, सजद्यात स्थिर हो, असे सावकाश शिकवले. भेट छोटी असली तरी चालते. भेटायला आलेला माणूस चप्पल न काढता दारातूनच पळाला, तर तिला भेट म्हणायचे का?

मुलांच्या हाती काय द्यायचे?

एकदा वर्गातल्या एका मुलीने आम्हाला विचारले, 'नमाज नाही पढली तर काय होतं ते सगळे सांगतात. पढली तर काय होतं?' प्रश्न साधा आहे, पण प्रत्येक आई-बापाने तो एकदा स्वतःला विचारावा. आपल्या बोलण्यात न पढण्याचे परिणाम किती आणि पढण्याची गोडी किती, याचा हिशोब केला तर पारडे कुठे झुकते ते आपल्याला माहीत आहे.

मुले सात वर्षांची झाली की त्यांना नमाज सांगा, अशी हदीस आहे आणि दहाव्या वर्षी सक्तीचा उल्लेख त्याच हदीसमध्ये आहे. आपल्याला सक्तीचा भाग तोंडपाठ असतो. त्याच्या आधीची तीन वर्षे आपण विसरतो. रोज पाच याप्रमाणे तीन वर्षांत 5,475 वेळा अजान होते. म्हणजे सक्तीच्या शब्दाआधी जवळपास साडेपाच हजार वेळा प्रेमाने बोलावण्याची संधी आई-बापाला दिली आहे. त्यातली निम्मी जरी हात धरून, 'चल, आपण जाऊ' म्हणून वापरली, तर पुढे आवाज चढवावा लागेल असे आम्हाला वाटत नाही.

'जा, नमाज पढ' आणि 'चल, नमाजला जाऊ' या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्यात आपण टीव्हीसमोर बसलेले असतो. दुसऱ्यात आपण उठून उभे असतो. आणि नमाजला कधीही शिक्षा किंवा बक्षिसाची अट करू नये. 'पढलास तर मोबाइल' म्हटले की मुलाच्या लेखी मोबाइल हे फळ आणि नमाज ही किंमत ठरते. किंमत कोणाला आवडते?

आईचा मुसल्ला

आता एक गोष्ट घरातल्या पुरुषांना उद्देशून. मगरिबची अजान होते, मर्द मंडळी टोपी घालून मशिदीकडे निघतात. त्याच वेळी घरात भाकरी तव्यावर, लहानगे कडेवर, मोठ्याचा अभ्यास समोर आणि सासऱ्यांची औषधाची वेळ. मगरिबची वेळ फार लांबत नाही. घरातली बाई शेवटच्या घटकेला ओल्या हातांनी मुसल्ला पसरते, दोन वेळा मूल पाठीवर चढते, सलाम फेरते न फेरते तोच कुकरची शिट्टी. तिच्या नमाजचे ओझे कोणी केले? नमाजने नाही, घरातल्या कामाच्या वाटणीने केले.

हजरत आयेशा (रजि.) यांना विचारले गेले, की प्रेषित (स.) घरात काय करीत? त्यांनी सांगितले, की ते घरच्यांच्या कामात लागलेले असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. प्रेषितांनी आपली नात उमामा हिला अंगावर घेऊन नमाज पढल्याचेही बुखारी-मुस्लिममध्ये आहे. सजद्याला जाताना खाली ठेवीत, उठताना पुन्हा उचलीत. म्हणून बहिणींनो, पाठीवर मूल चढले म्हणून आपली नमाज कमी दर्जाची झाली असे मानू नका. आणि भावांनो, मशिदीतून आल्यावर मूल आपल्याकडे घ्या, तव्याकडे आपण पाहा आणि तिला म्हणा, 'तू सावकाश पढ, मी आहे.' पाळीच्या दिवसांत ती नमाज पढत नसेल तर तिच्याकडे प्रश्नार्थक नजरेने पाहू नका. ती सूट तिला अल्लाहने दिली आहे, घरच्यांनी नव्हे.

वेळेचा हिशोब

'वेळच मिळत नाही' हे खरे कोणाचे असते? एसटीच्या चालकाचे, रुग्णालयात पाळी करणाऱ्या परिचारिकेचे, कारखान्यातल्या पट्ट्यापुढे उभ्या असलेल्या कामगाराचे. त्यांनी आपापल्या मसलकच्या जाणत्या आलिमांना विचारून सवलती समजून घ्याव्यात आणि मनातला अपराधाचा भार कमी करावा. बाकी आपण हिशोब मांडून पाहू. दिवसाची मिनिटे 1,440. एका रकातीला दोन मिनिटे धरली तरी सतरा फर्ज रकातींना चौतीस मिनिटे. सुन्नत, वित्र आणि वुजू धरून तास-दीड तास. आपला मोबाइल दिवसातून किती वेळ हातात होता हे मोबाइलच सांगतो. ते एकदा पाहावे आणि मग वेळेबद्दल बोलावे.

नमाजच्या वेळा ऋतूप्रमाणे सरकतात, हाही त्रास वाटतो. मुंबईत जूनमध्ये मगरिब सव्वासातच्या पुढे असते, डिसेंबरच्या सुरुवातीला ती सहाच्या सुमारास येते. शाळा, दुकान, क्लास यांची वेळ घड्याळाने ठरते, नमाजची सूर्याने. पण याच सरकण्याने आपले भान जागे राहते. घड्याळाच्या मालकापेक्षा सूर्याचा मालक मोठा आहे, याची ती रोजची आठवण आहे. अजान कानी पडण्याची वाट न पाहता पाच मिनिटे आधी वुजू करून बसले, तर धावपळीची निम्मी नमाज निवांत होते. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण ते दारात आल्यावर केर काढत नाही.

मन लागत नसेल तेव्हा

कोणी म्हणेल, हे सगळे पटते, पण उभे राहिले की मनात उधारी, परीक्षा, भांडण हेच येते. मग कसला मान आणि कसली भेट? याचे उत्तर असे, की बोलावण्याचा मान आपल्या मनःस्थितीवर अवलंबून नाही. मन लागले म्हणून आपण नमाजी होत नाही, हाक आली म्हणून होतो. प्रेषितांनी सातत्याने केलेले थोडे काम अल्लाहला सर्वांत प्रिय असल्याचे सांगितले आहे. नमाजचे उदाहरण त्यांनी दारातून वाहणाऱ्या नदीचे दिले, जिच्यात माणूस रोज पाच वेळा न्हातो आणि अंगावर मळ उरत नाही. नदीत उतरताना प्रत्येक वेळी आनंदच वाटतो असे नाही. थंडीत तर नकोच वाटते. पण न्हाऊन बाहेर आलेला माणूस स्वच्छच असतो.

आणि जो वर्षानुवर्षे दूर राहिला तो एके दिवशी मशिदीत दिसला, तर 'आज सूरज किधर से निकला?' हे वाक्य गिळून टाकावे. अल्लाहने बोलावले आणि तो आला. यजमान खूश असताना दारात उभ्या असलेल्या दुसऱ्या पाहुण्याने टोमणा मारायचे काय कारण? अशा एका टोमण्याने परत गेलेली माणसे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

या महिन्यात एवढे करू या

'उरकणे' हा शब्द नमाजपुरता घरातून काढून टाकू. फातिहाचा मराठी अर्थ सगळे कुटुंब मिळून समजून घेऊ, रोज एक आयत, आठवड्यात सात होतील. घरात एक कोपरा स्वच्छ ठेवून तिथे मुसल्ला कायम राहील असे पाहू. प्रेषितांनी घरांच्या कबरी करू नका, काही नमाज घरातही पढा, असे सांगितले आहेच. रोजची एक नमाज अशी निवडू, की जी अजानआधी वुजू करून, सजद्यात एक श्वास जास्त थांबून पढायची. आणि सलाम फेरल्यावर लगेच न उठता, हात उचलून, आपल्या मराठीत, आपल्या घरच्या बोलीत मनातले अल्लाहला सांगायचे. मुले शेजारी बसून ऐकत असतील तर फारच चांगले. आई-बाबा कोणाशी तरी मनापासून बोलत आहेत आणि उठताना त्यांचा चेहरा हलका झाला आहे, हे मुलाने एकदा पाहिले की नमाज पढल्याने काय होते, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

अल्लाह आपल्या नमाजा कबूल करो, त्या आपल्या डोळ्यांचा गारवा बनवो आणि आपल्यानंतर आपल्या लेकरांच्या घरांतही मुसल्ला पसरलेला राहो. आमीन.